‘रेसिंग कॅम’ बसविण्यापूर्वी स्प्रिंगचा हिशेब

सिग्नलला उभी असलेली एखादी जुनी मारुती एस्टीम किंवा जिप्सी कधीकधी आवाजानेच लक्ष वेधून घेते. तिचे इंजिन एकसारखे चालत नाही. ते अडखळते, लंगडते, मधूनच दचकल्यासारखे होते आणि पुन्हा सावरते. गाडीच्या हौशी मालकाला हा आवाज म्हणजे ताकदीची पावती वाटते. ‘रेसिंग कॅम’ बसविल्याची ती जाहिरातच असते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. ज्या क्षणी तो आवाज येत असतो, त्या क्षणी ते इंजिन नीट श्वास घेत नसते. जळालेला वायू बाहेर जाण्याऐवजी काही प्रमाणात मागे, आत येणाऱ्या ताज्या मिश्रणात मिसळत असतो. हेच इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर पोहोचले, की शिवणयंत्रासारखे सुरळीत चालेल. मालक या दोहोंपैकी कोणत्या स्थितीत गाडी अधिक काळ चालवितो, हा खरा प्रश्न आहे आणि कॅमशाफ्टची निवड त्यावरच ठरावयास हवी.

एस्टीमचे उत्पादन २००७ साली थांबले. जिप्सीही २०१९ पासून सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. तरीही या दोन्ही गाड्यांतील सुझुकीच्या १२९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाबद्दल हौशी मंडळींचे प्रेम ओसरलेले नाही. सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५.५ मिलिमीटर, डोक्यावर एकच कॅमशाफ्ट आणि नंतरच्या आवृत्तीत सोळा व्हॉल्व्ह. रचना सोपी, सुटे भाग परिचित आणि इलेक्ट्रॉनिक गुंतागुंत आजच्या मानाने नगण्य. रॅलीच्या रस्त्यांवर या इंजिनाने वर्षानुवर्षे नाव कमावले असल्याने त्यात बदल करण्याचा मोहही मोठा. एअर फिल्टर झाला, सायलेन्सर झाला, की पुढची पायरी म्हणून कॅमकडे पाहिले जाते. ‘कोणता कॅम टाकू?’ हा प्रश्न गॅरेजमध्ये हमखास विचारला जातो. ‘त्याबरोबर स्प्रिंग कोणती?’ हे मात्र फार थोडे जण विचारतात. कॅम झडप उघडतो हे खरे, परंतु ती मिटविण्याचे काम स्प्रिंगच करते. आणि इंजिने मोडतात ती बहुधा झडप वेळेवर न मिटल्यामुळे.

आकड्यांचा अर्थ

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणजे इंजिन ६००० आरपीएमवर असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला पन्नास वेळा उघडते आणि पन्नास वेळा मिटते. झडप किती उंच उचलली जाते त्यास लिफ्ट म्हणतात, तर ती क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडी राहते त्यास ड्युरेशन. समजा ड्युरेशन २४० अंश आहे. ३००० आरपीएमवर झडप सुमारे तेरा मिलिसेकंद उघडी राहील. ६००० वर पावणेसात मिलिसेकंदांपेक्षाही कमी. एवढ्या अल्प वेळात सिलिंडर भरावयाचा, तर दार लवकर उघडावे आणि उशिरा लावावे, हा मोठ्या कॅममागचा साधा विचार आहे.

त्याची किंमत खालच्या फेऱ्यांवर मोजावी लागते. इनटेक झडप पिस्टन तळाला पोहोचल्यानंतरही काही काळ उघडीच असते. २४० अंशांच्या कॅमवर ती पिस्टन तळ सोडून क्रँक साधारण ५० अंश फिरेपर्यंत मिटते. तोवर पिस्टन आपल्या धावेच्या एक-अष्टमांश वर आलेला असतो. २८० अंशांच्या कॅमवर हेच मिटणे ७० अंशांवर जाते आणि पिस्टन चतुर्थांशाहून किंचित अधिक वर चढलेला असतो. वेग जास्त असेल तेव्हा आत शिरणाऱ्या हवेला जोर असतो. ती पिस्टनला न जुमानता आत येतच राहते. वेग कमी असेल तेव्हा मात्र आत आलेले मिश्रण पिस्टनच पुन्हा बाहेर ढकलतो. शेवटच्या काही अंशांत झडप जवळजवळ मिटलेली असल्याने नुकसान या हिशेबाइतके होत नाही, पण दुसऱ्या गिअरमध्ये उड्डाणपूल चढताना गाडी ‘मेली’ असे जे वाटते, त्याचे मूळ येथे आहे.

दुसरा परिणाम ओव्हरलॅपचा. एक्झॉस्ट झडप पूर्ण मिटण्याआधीच इनटेक झडप उघडू लागते आणि काही काळ दोन्ही दारे एकदम उघडी राहतात. दोन्ही लोबच्या शिखरांमधील कोन, ज्याला लोब सेपरेशन म्हणतात, तो ११० अंश असेल, तर २४० अंशांच्या कॅमला २० अंश ओव्हरलॅप मिळतो. ड्युरेशन २९० केले आणि कोन तोच ठेवला, तर ओव्हरलॅप ७० अंशांवर जातो. ड्युरेशनमध्ये पन्नास अंशांची वाढ, पण ओव्हरलॅप साडेतीन पट! सिग्नलवरचे ते लंगडणे यातून जन्माला येते. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा कोन ११० ते ११४ अंशांच्या दरम्यान असलेला बरा. शर्यतीचे कॅम १०४ ते १०८ अंशांवर घासलेले आढळतात आणि त्यांचे आयडलिंग त्याच प्रमाणात उर्मट असते.

कॅम विकत घेताना एका गोष्टीत फसगत ठरलेली असते. ड्युरेशन कोठून मोजले, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यास अर्थ नाही. झडप जेमतेम हलल्यापासून मोजले तर एखादा कॅम २७० अंशांचा भरतो. तोच कॅम झडप-यंत्रणेची हालचाल १.२७ मिलिमीटर झाल्यापासून मोजला, तर २२० ते २३० अंशांचा ठरतो. ही दुसरी पद्धत अमेरिकी आहे. इंचाचा वीसावा भाग, म्हणून १.२७. एका उत्पादकाचा २६० दुसऱ्याच्या २७० पेक्षा ‘मोठा’ असू शकतो तो यामुळेच. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ या नावांना तर कोणतेही प्रमाण नाही. ती दुकानदारीची नावे आहेत. कॅमबरोबर त्याचा तक्ता मिळत नसेल, म्हणजे लिफ्ट, ड्युरेशन, ते कोठून मोजले आणि शिखरांमधील कोन किती, हे लेखी मिळत नसेल, तर तो कॅम घेऊ नये.

ताकद वाढते की सरकते?

जिप्सीच्या सोळा व्हॉल्व्ह इंजिनाचे कंपनीने दिलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. कमाल ताकद ६००० आरपीएमवर ८० अश्वशक्ती, कमाल टॉर्क ४५०० आरपीएमवर १०३ न्यूटन-मीटर. ताकद म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. त्यावरून ६००० वर टॉर्क सुमारे ९५ न्यूटन-मीटर उरतो. आता कॅम बदलून हाच ९५ चा टॉर्क ७००० पर्यंत टिकविता आला, तर ताकद होते सुमारे ९३ अश्वशक्ती. तेरा अश्वशक्ती मिळाली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात टॉर्क एका कणानेही वाढलेला नाही, तो फक्त वरच्या फेऱ्यांकडे सरकला आहे. आणि तो वर सरकला, तेव्हा खाली दोन-अडीच हजारांवर त्याने काही तरी सोडले आहे.

आता रोजचे चालविणे आठवावे. शहरातील रहदारीत इंजिन हजार ते तीन हजारांच्या मध्ये असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला घाटाबाहेर ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला एस्टीमसारखी गाडी पाचव्या गिअरमध्ये साधारण तीन हजारांवर धावते. सात हजारांवर खुलणारा कॅम अशा गाडीत वर्षातून किती मिनिटे आपल्या कामाचा ठरेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. रस्त्यावरच्या १.३ लिटरच्या इंजिनासाठी झडपेच्या हालचालीपासून मोजलेले २५० ते २६५ अंश ड्युरेशन पुरेसे आहे, असे आमचे मत आहे. त्यापुढचे कॅम रॅलीच्या गाडीला शोभतात, कारण तेथे चालक इंजिनाला पाच हजारांखाली येऊच देत नाही, गिअर जवळजवळचे असतात आणि कॉम्प्रेशनही वाढविलेले असते. कॉम्प्रेशन न वाढविता मोठा कॅम टाकणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. ते वाढवायला हेड घासावे, तर साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देऊ लागते. एका बदलाच्या मागे दुसरा असा उभा राहतो.

कारखान्यांनी हा पेच आपल्या परीने सोडविला आहे. होंडाने १९८९ साली इंटेग्रा मोटारीत व्हीटेक यंत्रणा आणली. एकाच कॅमशाफ्टवर सौम्य आणि आक्रमक असे दोन प्रकारचे लोब. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि रॉकर आक्रमक लोबवर चालू लागतात. त्या १.६ लिटर इंजिनातून १६० अश्वशक्ती निघत असे, आणि तरीही सिग्नलवर ते लंगडत नसे. शहराचा कॅम आणि शर्यतीचा कॅम एकाच लोबमध्ये मावत नाहीत, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

स्प्रिंग : दुर्लक्षित भाग

लोबच्या शिखरावरून झडप खाली वळते, तेव्हा तिला कॅमच्या पृष्ठभागाला चिकटवून ठेवण्याची जबाबदारी स्प्रिंगवर असते. झडप, तिच्या डोक्यावरचा रिटेनर, त्याचे लॉक आणि रॉकर या साऱ्यांचे वजन वर उडून जाऊ पाहत असते. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० वरून ७५०० वर जाणे म्हणजे फेऱ्यांत २५ टक्के वाढ, परंतु जोरात ५६ टक्के. स्प्रिंग कमी पडली, की रॉकर लोबवरून सुटतो, झडप हवेत तरंगते आणि मग मिटण्याऐवजी सीटवर आपटून उसळते. गाडीत बसलेल्याला एवढेच जाणवते, की ठरावीक फेऱ्यांवर इंजिन अचानक भिंतीला थडकल्यासारखे थांबते आणि वरून चटचट असा आवाज येतो. अनेक जण हा दोष कार्ब्युरेटरला किंवा इंजेक्शनला देतात. त्याच वेळी पिस्टन वर येत असतो, आणि झडप अजून उघडीच असेल तर दोघांची गाठ पडते.

चार झडपांच्या हेडचा एक लाभ येथे ध्यानात येतो. एका मोठ्या झडपेऐवजी दोन लहान झडपा असल्याने प्रत्येकीचे वजन कमी, म्हणून स्प्रिंगही हलकी चालते. मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये होता. टॅपेट, लांब पुशरॉड, रॉकर आणि मग झडप अशी वरात निघत असे. हे सारे वजन प्रत्येक फेऱ्याला उचलायचे आणि थांबवायचे, म्हणून त्या इंजिनाला उंच फेऱ्यांवर नेणे मुळातच कष्टाचे होते.

स्प्रिंगचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, एखाद्या विशिष्ट इंजिनाचे नाहीत. समजा झडप मिटलेली असताना स्प्रिंगची बसविलेली उंची ३६ मिलिमीटर आहे आणि त्या स्थितीत ती २० किलोचा दाब देते. प्रत्येक मिलिमीटर दाबण्यास आणखी तीन किलो लागतात. मूळ कॅमची लिफ्ट साडेआठ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण उघड्या झडपेवर दाब साडेपंचेचाळीस किलो आणि स्प्रिंगची उंची साडेसत्तावीस मिलिमीटर. ही स्प्रिंग पूर्ण दाबली, वेटोळ्याला वेटोळे टेकले, की तिची उंची २६ मिलिमीटर भरते. म्हणजे दीड मिलिमीटरची मोकळीक शिल्लक आहे. आता दहा मिलिमीटर लिफ्टचा कॅम आणला. स्प्रिंग २६ वर येते. मोकळीक शून्य. कागदावर जमले, इंजिनात मात्र याचा अर्थ असा, की शिखरावर स्प्रिंग लोखंडी नळीसारखी ताठ होते आणि पुढचा सारा जोर लोब, रॉकर, अॅडजस्टिंग स्क्रू आणि टायमिंग बेल्ट यांच्यावर जातो. यातले जे सर्वांत कमकुवत, ते आधी जाते. पूर्ण लिफ्टवर साधारण एक ते दीड मिलिमीटर मोकळीक राखणे म्हणूनच आवश्यक मानले जाते.

दाब कमी पडतो म्हणून स्प्रिंगखाली चकती, म्हणजे शिम, घालण्याची पद्धत आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या शिमने वरील उदाहरणात दीड किलो दाब वाढेल, पण मोकळीकही अर्ध्या मिलिमीटरने घटेल. शिम हे उंची सारखी करण्याचे साधन आहे, चुकीची स्प्रिंग बरोबर करण्याचे नव्हे. जुन्या हेडमध्ये तर हा विषय अधिकच नाजूक असतो. दोन-तीन वेळा व्हॉल्व्ह ग्राइंडिंग झालेल्या हेडमध्ये झडपा सीटमध्ये खोल गेलेल्या असतात. तेवढ्याच त्यांच्या दांड्या वर आलेल्या असतात आणि स्प्रिंगची बसविलेली उंची वाढलेली असते. एक मिलिमीटर उंची वाढली, तर वीस किलोतले तीन किलो गेले. शिवाय सोळा झडपांमध्ये ही वाढ सारखी नसते. व्हर्नियर घेऊन प्रत्येक ठिकाणची उंची मोजणे हे कंटाळवाणे काम आहे, परंतु चांगला मेस्त्री आणि घाईचा मेस्त्री यांतला फरक येथेच कळतो.

वीस वर्षे लाखो वेळा दाबल्या गेलेल्या स्प्रिंगा थकतात, हेही विसरता येत नाही. कित्येक जुन्या गाड्या साडेपाच हजारांवर गुदमरतात त्या कॅम लहान असल्याने नव्हे, तर स्प्रिंगा मऊ झाल्याने. कॅमवर पैसे घालण्यापूर्वी मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा, नवी ऑइल सील आणि टॅपेटचे अचूक सेटिंग एवढे करून पाहावे. अनेकांचे समाधान तेथेच होण्याचा संभव आहे.

याचा अर्थ जितकी कडक स्प्रिंग तितकी उत्तम, असाही नव्हे. जादा दाबाने लोब आणि रॉकर यांच्यातील घर्षण वाढते, आणि सर्वाधिक झीज उंच फेऱ्यांवर नव्हे, तर आयडलिंगला होते. कारण फेरे जास्त असताना झडपेचाच जोर स्प्रिंगच्या विरुद्ध दिशेने लागून शिखरावरचा भार हलका करतो; फेरे कमी असताना स्प्रिंगचा संपूर्ण भार लोबच्या नाकावर असतो आणि तेलाचा थरही तेव्हाच सर्वांत पातळ असतो. शर्यतीच्या स्प्रिंगा घालून रोज रहदारीत तासन्‌तास आयडलिंगला उभी राहणारी गाडी आपला कॅम स्वतःच खात असते. कडक स्प्रिंगपेक्षा हलका रिटेनर किंवा वर निमुळती होत जाणारी ‘बीहाइव्ह’ स्प्रिंग हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. वजन कमी केले, की दाब कमी पुरतो.

स्प्रिंगला स्वतःचे कंपनही असते. ठरावीक फेऱ्यांवर तिच्या वेटोळ्यांतून लाटा धावू लागतात आणि तिचा दाब क्षणोक्षणी बदलतो. दुहेरी स्प्रिंग वापरतात ती केवळ दाबासाठी नव्हे, तर दोघींची कंपने वेगवेगळी असल्याने एकीची लाट दुसरीने शमवावी यासाठी. आतली स्प्रिंग बाहेरचीच्या उलट दिशेने वळलेली असते, नाहीतर त्यांची वेटोळी एकमेकांत अडकतील. म्हणून कॅम एका उत्पादकाचा आणि स्प्रिंग भंगार बाजारातील दुसऱ्याच गाडीची, हा जुगाड टाळावा. कॅम बनविणाऱ्याने ज्या स्प्रिंगची शिफारस केली असेल, तीच संचाने घ्यावी.

घासलेला कॅम

आयात केलेला कॅम परवडत नाही, म्हणून जुनाच कॅम घासून ‘मोठा’ करून घेण्याचा मार्ग आपल्याकडे बराच रुळला आहे. यात लोबचे शिखर उंच होत नाही. शिखराव्यतिरिक्तचा गोल भाग, म्हणजे पायाचे वर्तुळ, घासून लहान केला जातो. वर्तुळ एक मिलिमीटरने उतरले, की शिखर तेवढेच असूनही लिफ्ट एक मिलिमीटरने वाढते, आणि रॉकरच्या प्रमाणामुळे झडपेवर त्याहून थोडी अधिक. ग्राइंडिंगचे यंत्र आणि मास्टर कॅम उत्तम असेल, तर हा मार्ग वाईट नाही. दोन अडचणी मात्र आहेत. लोबच्या पृष्ठभागावरचा कठीण थर मर्यादित खोलीचा असतो. तो घासला गेला तर खालचे मऊ लोखंड काही हजार किलोमीटरांत सपाट होते. दुसरे, पायाचे वर्तुळ लहान झाल्याने रॉकरचा कोन बदलतो, अॅडजस्टिंग स्क्रू बराच बाहेर काढावा लागतो आणि त्याचे टोक झडपेच्या दांडीवर मधोमध न टेकता कडेला घासू लागते. घासून आलेला कॅम काठिण्य तपासल्याशिवाय आणि सर्व लोबची लिफ्ट डायल गेजवर मोजल्याशिवाय बसवू नये. चार सिलिंडरांच्या लोबमध्ये तफावत निघाली, तर तो परत करणे हाच उपाय.

ब्रेकचा प्रश्न

कॅमचा आणि ब्रेकचा संबंध काय, असे कोणी विचारील. पॉवर ब्रेकचा बूस्टर इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वातावर चालतो. ओव्हरलॅप वाढला, की आयडलिंगला हा निर्वात कमी होतो आणि पॅडल दगडासारखे कडक लागू शकते. गाडी गॅरेजबाहेर काढताना ही गोष्ट जाणवत नाही. घाटात लागोपाठ तीन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर जाणवते. कॅम बदलल्यानंतर निर्वात मोजणारा साधा गेज लावून पाहणे आणि तो पुरेसा नसेल तर कॅम परत काढणे, यात कमीपणा नाही.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक गोंधळ होतो. ओव्हरलॅपमधून न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, ऑक्सिजन सेन्सर ती पाहून मिश्रण पातळ आहे असा समज करून घेतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवितो. परिणामी पीयूसीच्या यंत्रावर आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही वर जातात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओपुढे जावे लागते, हे एस्टीमच्या मालकांना सांगावयास नको. २०२० साली लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाड्यांत तर कॅम बदलण्याचा विचारही करू नये. तेथे कॅमची वेळ संगणकच सतत बदलत असतो आणि मिसफायर झाला की दिवा लागतो.

कायद्याची बाजूही ढोबळमानाने ध्यानात घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. कॅम बाहेरून दिसत नाही आणि नोंदणी पुस्तकात त्याचा उल्लेखही नसतो. पण प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारी गाडी ही वेगळीच बाब आहे. विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर दावा अडविण्याचे निमित्त ठरू शकतो. मोठ्या कॅमची हौसच असेल, तर ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या बंदिस्त ट्रॅकवर भागवावी.

बसविताना

सर्व मापे जुळली तरी झडप आणि पिस्टन यांतील अंतर प्रत्यक्ष तपासावेच लागते. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातील क्लेचा पातळ थर लावतात, हेड तात्पुरते कसतात, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवितात आणि हेड काढून क्ले कापून तिची जाडी मोजतात. इनटेकला दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर हे सर्वसाधारण किमान अंतर मानले जाते. एक्झॉस्ट झडप तापून लांब होते, म्हणून तिला जास्त. धोका पूर्ण लिफ्टला असतो हा समज खरा नाही. पूर्ण लिफ्टच्या वेळी पिस्टन बराच खाली असतो. झडप आणि पिस्टन सर्वांत जवळ येतात ते पिस्टन माथ्यावर असताना, त्याच्या आगेमागे दहा-एक अंशांत. म्हणून लिफ्ट मूळचीच असली तरी ड्युरेशन वाढले, की हे अंतर घटते. हेड घासले असेल, तर आणखी घटते.

टायमिंग बेल्टचा एक दाता चुकला तर काय होते, तेही पाहावे. पुलीला चाळीस दाते असतील, तर एक दाता म्हणजे कॅमचे नऊ अंश आणि क्रँकचे अठरा. मोठ्या कॅमवर एवढी चूक खपत नाही. बेल्ट चढविल्यावर स्पॅनरने क्रँक सावकाश फिरवावा आणि कोठे अडले तर जोर न लावता थांबावे.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना ते आयडलिंगवर सोडू नये. रॉकर लोबवर घासत चालणाऱ्या इंजिनात नव्या कॅमची पहिली वीस-तीस मिनिटे निर्णायक असतात. या काळात फेरे दोन ते अडीच हजारांच्या दरम्यान ठेवावेत, म्हणजे लोबवर तेल भरपूर उडते. तत्पूर्वी लोब आणि रॉकर यांना असेंब्ली पेस्ट लावलेली असावी आणि तेल जस्त-फॉस्फरसचे प्रमाण पुरेसे असलेले घ्यावे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी अलीकडच्या तेलांत हे प्रमाण कमी केलेले असते, त्यामुळे डब्यावरचा तपशील वाचूनच खरेदी करावी. अर्ध्या तासानंतर तेल आणि फिल्टर बदलावा व जुने तेल चुंबकावर तपासावे. राखाडी लुकण दिसले तर ते नेहमीचे. चमकदार कण दिसले तर हेड कव्हर उघडून एकेक लोब पाहावा. पाचशे किलोमीटरांनंतर थंड इंजिनावर टॅपेटची फट पुन्हा मोजावी. ती एकाच झडपेला वाढलेली निघाली, तर त्या झडपेचा लोब, रॉकर आणि स्क्रू आधी तपासावा आणि मगच फट पुन्हा लावावी.